विश्लेषण : शोगुनच्या विधवांनी जपानचा कारभार कशाच्या बळावर चालवला?

सनाए ताकाइची २१ ऑक्टोबर २०२५ रोजी जपानच्या पंतप्रधान झाल्या. जपानमध्ये सत्तेच्या सर्वोच्च जागी पहिल्यांदाच स्त्री बसली, असा सूर तेव्हा बातम्यांमध्ये होता. पंतप्रधानपदापुरते ते खरेच आहे. पण त्याआधी सुमारे ८०० वर्षे एका स्त्रीने जपानच्या लष्करी सरकारचा कारभार हाकला होता. तिने आपल्या मुलाला पदावरून दूर होताना पाहिले, वडिलांना हद्दपार केले आणि निवृत्त सम्राटाविरुद्धच्या युद्धात सरदारांना आपल्या बाजूला ठेवले. ती एका शोगुनची विधवा होती. तिच्यानंतरच्या दोन्ही शोगुनशाह्यांमध्येही मोक्याच्या क्षणी शोगुनच्या पत्नी आणि विधवा पुढे आलेल्या दिसतात. ‘पडद्यामागून सूत्रे हलवणाऱ्या बायका’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. ती योग्य का नाही, आणि आजच्या जपानशी या इतिहासाचा संबंध काय?

शोगुन म्हणजे कोण? त्याच्या पत्नीचे स्थान काय होते?

सम्राट क्योतोमध्ये, पण प्रत्यक्ष कारभार शोगुनकडे, अशी व्यवस्था जपानमध्ये जवळपास ७०० वर्षे होती. शोगुन म्हणजे मुळात सेनापती. त्याच्या सरकारला ‘बाकुफू’ म्हणत. या शब्दाचा अर्थच छावणीतल्या तंबूतून चालणारे सरकार असा आहे. अशा तीन शोगुनशाह्या झाल्या. कामाकुरा येथील पहिली १३३३ पर्यंत टिकली, आशिकागा घराण्याची दुसरी १५७३ पर्यंत, तर तोकुगावा घराण्याची तिसरी १६०३ ते १८६८ अशी चालली.

या तिन्हींमध्ये स्त्रीला शोगुन होता येत नव्हते. मात्र सरकार आणि घराणे यांच्यात आज असते तशी रेघ तेव्हा नव्हती. शोगुनचे घर हेच सरकार होते आणि सरदार हे त्या घराचे आश्रित. बाराव्या-तेराव्या शतकातील योद्ध्यांच्या घरांत पती वारला की त्याची विधवा घराची प्रमुख होई. जमिनीची वाटणी, मुलांचे वाद, नोकरांची बांधिलकी हे सारे तिच्या शब्दावर ठरे. अशा विधवेला ‘गोके’ म्हणत. सामान्य योद्ध्याच्या विधवेचा अधिकार त्याच्या गावापुरता असे. शोगुनच्या विधवेचा अधिकार कुठवर जाणार, हे त्या घराच्या आकारावरूनच ठरत होते. म्हणून या स्त्रियांच्या सत्तेला नुसता ‘प्रभाव’ म्हणणे अपुरे आहे. निदान सुरुवातीला तरी तो समाजाने मान्य केलेला अधिकार होता.

होजो मासाकोला ‘भिक्षुणी शोगुन’ का म्हणतात?

मिनामोतो नो योरितोमो हा पहिल्या शोगुनशाहीचा संस्थापक. तरुणपणी तो इझु प्रांतात हद्दपारीत होता आणि त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम होजो तोकिमासाकडे होते. याच तोकिमासाची मुलगी मासाको हिने योरितोमोशी लग्न केले. योरितोमो ११९२ मध्ये शोगुन झाला आणि ११९९ मध्ये वारला. रिवाजाप्रमाणे मासाकोने दीक्षा घेतली. दीक्षा म्हणजे संसारातून निवृत्ती. मासाकोच्या बाबतीत मात्र सत्तेचा काळ तिथूनच सुरू झाला.

थोरला मुलगा योरिइए दुसरा शोगुन झाला. तो सासरच्या हिकी घराण्याकडे झुकत असल्याने ज्येष्ठ सरदारांचे त्याच्याशी बिनसले. १२०३ मध्ये हिकी घराणे संपवण्यात आले. योरिइएला पदावरून काढून इझुत पाठवण्यात आले आणि पुढच्या वर्षी त्याची हत्या झाली. धाकटा सानेतोमो शोगुन झाला. १२०५ मध्ये खुद्द तोकिमासा आणि त्याची दुसरी पत्नी सानेतोमोला हटवण्याचा कट करत असल्याचे पुढे आले. तेव्हा मासाको आणि तिचा भाऊ योशितोकी यांनी वडिलांना सत्तेतून दूर करून इझुला पाठवले.

१२१९ मध्ये सानेतोमोचा खून झाला. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानात त्याला मारणारा कुग्यो हा योरिइएचा मुलगा, म्हणजे मासाकोचा नातू होता. शोगुनपदावरील योरितोमोचा वंश इथे संपला. मासाकोची चारही मुले तिच्या हयातीत गेली होती. तिने क्योतोच्या कुजो या सरदारघराण्यातून एक लहान मूल भावी शोगुन म्हणून आणवले आणि ते मोठे होईपर्यंत कारभार स्वतःकडे ठेवला. ‘आझुमा कागामी’ या कामाकुरा काळातील इतिहासग्रंथात शासकांच्या यादीत तिचेही नाव येते. लोक तिला ‘आमा शोगुन’ म्हणजे भिक्षुणी शोगुन म्हणू लागले.

खरी कसोटी १२२१ मध्ये लागली. निवृत्त सम्राट गो-तोबा याने योशितोकीला शासन करण्याचा हुकूम काढला. सम्राटाच्या घराण्याविरुद्ध शस्त्र उचलायचे का, हा प्रश्न कामाकुराच्या सरदारांपुढे उभा राहिला. मासाकोने त्यांना एकत्र करून योरितोमोच्या उपकारांची आठवण दिली. त्याच्याआधी तुमची अवस्था काय होती आणि जमिनी व मान कोणामुळे मिळाले, हे तिने विचारले. ज्याला दरबाराकडे जायचे असेल त्याने आत्ताच जावे, असेही सुनावले. डोंगरी खिंडी अडवून बसावे की क्योतोवर चालून जावे यावर खल झाला, तेव्हा तिने चढाईच्या बाजूने कौल दिला. महिनाभरात क्योतो पडले. गो-तोबाला ओकी बेटांवर धाडण्यात आले. दरबाराच्या बाजूने लढलेल्यांच्या सुमारे ३,००० ठिकाणच्या जमिनी जप्त करून कामाकुराच्या सरदारांना वाटण्यात आल्या. जपानमधील सत्ता दरबाराकडून योद्ध्यांकडे निर्णायकपणे गेली ती या युद्धाने.

सरदारांनी तिचे का ऐकले?

मासाकोच्या धैर्याचे कौतुक सगळेच करतात. पण ती ज्या जमिनीवर उभी होती तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्यासमोर बसलेल्या सरदारांच्या स्वतःच्या घरांतही विधवा आई किंवा आजी वाटण्या करत होती. त्या काळी मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळे आणि स्त्रिया ‘जितो’ म्हणजे जमिनीवरील सरकारी अधिकारीही होत. मासाकोच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १२३२ मध्ये, कामाकुरा सरकारने ५१ कलमांची ‘गोसेइबाइ शिकिमोकू’ ही संहिता केली. निपुत्रिक स्त्रीला दत्तक घेऊन आपली जमीन त्याला देता येते, हे त्या संहितेने मान्य केले. विधवेने पुन्हा लग्न केले तर पहिल्या पतीकडून मिळालेली जमीन त्याच्या मुलांना द्यावी, असेही तीत होते. त्या नियमाला अर्थ होता, कारण विधवांकडे जमीन असणे ही रोजची गोष्ट होती. म्हणजे मासाको हा चमत्कार नव्हता. त्या काळच्या असंख्य विधवांना जो अधिकार होता, त्याचेच ती सर्वांत मोठे रूप होती.

पुढे हा पाया खचला. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडू लागले. तेराव्या शतकातील मंगोल स्वाऱ्यांनंतर लढाईला उभा राहील असा वारस हवा, ही गरज वाढली. मुलींना जमीन हयातीपुरतीच द्यायची आणि नंतर ती भावाच्या घराकडे परत जायची, असा पायंडा पडला. पुढे एकाच मुलाकडे सगळे जाऊ लागले. दुसऱ्या शोगुनशाहीपर्यंत योद्ध्यांच्या घरातील स्त्रीचा जमिनीवरचा हक्क बराच ओसरला होता.

हिनो तोमिकोने खरेच युद्ध पेटवले?

जमीन गेल्यावर उरतो पैसा. आठवा आशिकागा शोगुन योशिमासा याची पत्नी हिनो तोमिको हिने हेच साधन वापरले. १४५५ मध्ये तिचे लग्न झाले. वारस नसल्याने योशिमासाने १४६४ मध्ये धाकटा भाऊ योशिमी याला वारस केले आणि पुढच्याच वर्षी तोमिकोला मुलगा झाला. १४६७ मध्ये ओनिन युद्ध सुरू झाले. ते ११ वर्षे चालले आणि क्योतोची राख झाली. मुलाला गादी मिळावी म्हणून तोमिकोने यामाना सोझेनला हाताशी धरले आणि त्यातून युद्ध पेटले, ही कथा पुढे शेकडो वर्षे सांगितली गेली. तिचा उगम ‘ओनिनकी’ या युद्धकथेत आहे.

आजचे अनेक अभ्यासक ही कथा जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. हाताकेयामा आणि शिबा या मोठ्या घराण्यांतील वारसावाद आणि होसोकावा कात्सुमोतो विरुद्ध यामाना सोझेन ही स्पर्धा युद्धाआधीच टोकाला गेली होती. योशिमीची पत्नी तर तोमिकोची सख्खी बहीण होती. तोमिकोचा मुलगा योशिहिसा १४८९ मध्ये वारला, तेव्हा तिने याच बहिणीच्या मुलाला शोगुन करण्यास पाठिंबा दिला. पुढे त्याच्याशी बिनसल्यावर १४९३ मध्ये होसोकावा मासामोतोने त्याला हटवले आणि त्या बंडामागेही तिचे बळ होते. म्हणजे ती सत्तेच्या राजकारणात पुरती मुरलेली होती, पण ओनिन युद्धाचा सगळा भार एकट्या तिच्यावर टाकणे हा सोपा निवाडा आहे.

तिच्या कारभारावरची टीका मात्र निराधार नाही. योशिमासाचे कारभारातले लक्ष उडाले होते. १४७३ मध्ये तो निवृत्त झाला आणि मुलगा लहान होता. तोमिकोने सरदारांना व्याजाने पैसे दिले आणि तांदळाच्या व्यवहारात हात घातला. क्योतोच्या सात वेशींवर जकात नाकी उभारली. सम्राटाच्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी ही वसुली असल्याचे सांगितले जाई, पण पैसा तिच्याच तिजोरीत जातो असा लोकांचा समज होता. १४८० मध्ये चिडलेल्या जमावाने ती नाकी उद्ध्वस्त केली. दुसरीकडे, १४७७ मध्ये लढणाऱ्या हाताकेयामा घराण्यातील एका सेनापतीला तिनेच पैसे दिले आणि तो क्योतोतून निघून गेला. युद्ध संपण्याला त्याचा हातभार लागला.

तिजोरी रिकामी असलेल्या सरकारात पैसा उभा करणारी ती जवळपास एकटीच होती. तरी इतिहासाने पती-पत्नीचा हिशेब वेगवेगळा मांडला. कर्तव्य टाकून बागा आणि वाडे सजवणाऱ्या योशिमासाची आठवण गिंकाकु-जीच्या सौंदर्यातून निघते, तर तोमिकोची आठवण पैशाच्या हावेतून.

एदो काळात काय बदलले?

तोकुगावा शोगुनांनी आधीच्या दोन शोगुनशाह्यांकडून धडा घेतला. शोगुनच्या विधवेचे माहेर वरचढ होऊ नये, ही काळजी त्यांच्या व्यवस्थेत दिसते. तिसऱ्या शोगुनपासून मुख्य पत्नी बहुधा क्योतोच्या दरबारी घराण्यांतून येई. मान मोठा, पण पाठीशी फौज नाही. १५ तोकुगावा शोगुनांपैकी फक्त तिसरा, इएमित्सू, हा शोगुनच्या मुख्य पत्नीच्या पोटी जन्मला होता. बाकीच्यांच्या बाबतीत मुख्य पत्नीला शोगुनची आई म्हणून मिळणारे बळही मिळाले नाही.

एदो किल्ल्यातील अंतःपुराला ‘ओओकू’ म्हणत. तिथे शेकडो स्त्रिया राहत आणि त्यांची स्वतःची अधिकाऱ्यांची उतरंड होती. देशभरच्या सरदारांच्या बायकांना एदोतच राहावे लागे. त्या एका अर्थाने ओलीस होत्या. एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया, या दोन्हींची नाक्यांवर कसून तपासणी होई. स्त्री किती महत्त्वाची आहे हे सरकारला पक्के ठाऊक होते, म्हणूनच तिला कोंडून ठेवले जात होते.

तरी वाटा पूर्ण बंद झाल्या नाहीत. १७१६ मध्ये सातवा शोगुन लहानपणीच वारला. तेव्हा सहाव्या शोगुनची विधवा तेनएइ-इन हिने दिवंगत पतीची इच्छा म्हणून किई घराण्यातील योशिमुनेच्या बाजूने कौल दिला, असे सांगितले जाते. हाच योशिमुने पुढे मोठा सुधारक शोगुन ठरला. त्याआधी दोनच वर्षे ओओकूतील एजिमा नावाची वरिष्ठ अधिकारी नाटक पाहून उशिरा परतली. त्यातून चौकशी सुरू झाली, हजाराहून अधिक लोकांना शिक्षा झाली आणि यामामुरा-झा हे नाट्यगृह कायमचे बंद झाले. ओओकूत किती सत्ता साठली होती आणि ती किती सहज मोडता येत होती, हे या एका प्रकरणात दिसते.

१८६८ मध्ये दोन विधवांनी काय केले?

शेवटच्या शोगुनशाहीच्या अखेरीस एदो किल्ल्यात दोन विधवा होत्या. पहिली तेनशोइन, म्हणजे आधीची आत्सुहिमे. ती सात्सुमाच्या शिमाझु घराण्यातली. तेराव्या शोगुनशी १८५६ मध्ये तिचे लग्न झाले. हितोत्सुबाशी योशिनोबूला वारस करवून घ्यावे, ही अपेक्षा तिच्याकडून होती. पण १८५८ मध्ये दुसऱ्याचीच निवड झाली आणि त्याच वर्षी ती विधवा झाली. दुसरी काझुनोमिया, सम्राट कोमेइ याची सावत्र बहीण. दरबार आणि शोगुन यांच्यात समेट व्हावा म्हणून तिचे ठरलेले लग्न मोडून १८६२ मध्ये चौदाव्या शोगुनशी लावण्यात आले. १८६६ मध्ये तीही विधवा झाली.

जानेवारी १८६८ मध्ये क्योतोजवळ शोगुनच्या फौजा हरल्या आणि सम्राटाचे सैन्य एदोकडे निघाले. शोगुनपद सोडलेला योशिनोबू शरण येऊन एकांतात बसला. चालून येणाऱ्या सैन्यात सात्सुमाचे लोक आघाडीवर होते, म्हणजे तेनशोइनचे माहेर. सेनाप्रमुख होता राजपुत्र आरिसुगावा, ज्याच्याशी काझुनोमियाचे लग्न मोडले गेले होते. दोघींनाही माहेरी परतण्याचा मार्ग होता. दोघी किल्ल्यातच राहिल्या. काझुनोमियाने दरबारातील नातलगांना लिहिले, तर तेनशोइनने सैन्याचा सूत्रधार साईगो ताकामोरीला. तिच्या लग्नाच्या तयारीचे काम एकेकाळी याच साईगोकडे होते. दोघींची मागणी एकच होती : योशिनोबूचे काहीही होवो, तोकुगावा घराणे टिकले पाहिजे.

साईगो आणि शोगुनपक्षाचा कात्सु काईशू यांच्यात बोलणी होऊन एदो किल्ला लढाईशिवाय ताब्यात दिला गेला. सुमारे १० लाख वस्तीचे शहर वाचले. ते फक्त या पत्रांमुळे वाचले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कात्सुची मुत्सद्देगिरी आणि ब्रिटिश प्रतिनिधीची नाराजी हीसुद्धा कारणे होती. पण तडजोडीत जे मिळाले ते दोघींनी मागितलेलेच होते. घराणे टिकले आणि त्याला ७ लाख कोकू उत्पन्नाचा प्रदेश मिळाला. नवा वारस इएसातो याला तेनशोइनने वाढवले.

मासाकोने सरदारांना समोर बसवून निर्णय घ्यायला लावला. साडेसहाशे वर्षांनंतर त्याच स्थानावरील दोन स्त्रियांच्या हाती फक्त विनवणीचे पत्र होते. त्यांची कुवत कमी नव्हती. त्यांच्या पायाखालचा हक्क गेला होता.

‘तीन दुष्ट स्त्रिया’ ही यादी काय सांगते?

जपानच्या लोकप्रिय इतिहासात मासाको, तोमिको आणि योदो-दोनो यांना ‘तीन दुष्ट स्त्रिया’ म्हणण्याची प्रथा आहे. २०२४ मध्ये १८ एमी पुरस्कार मिळवणारी ‘शोगुन’ ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना तिच्यातील ओचिबा आठवेल. ती योदो-दोनोवरच बेतलेली आहे. ओसाका किल्ला १६१५ मध्ये पडला तेव्हा ती मुलासह मेली. तिचा पती तोयोतोमी हिदेयोशी कधीच शोगुन नव्हता, तरी यादीत तिची जागा पक्की आहे. तिघींमधले साम्य एकच : पती निवर्तल्यावर किंवा बाजूला झाल्यावर त्यांनी मुलाच्या नावाने कारभार पाहिला. नातलगांचे रक्त सांडणाऱ्या पुरुष शासकांची अशी यादी कोणी केली नाही. योरितोमोने स्वतःच्या भावाला, योशित्सुनेला, मृत्यूच्या दारी नेले, पण तो संस्थापकच राहिला.

आजच्या जपानशी याचा संबंध काय?

शोगुनशाही गेली आणि आधुनिक जपान आला. १८८९ च्या राजघराणे कायद्याने सम्राटपद पुरुषांपुरते ठेवले, जे आजही तसेच आहे. त्याआधी आठ स्त्रिया सम्राज्ञी म्हणून गादीवर बसल्या होत्या आणि शेवटचीची कारकीर्द १७७० मध्ये संपली होती. १८९८ च्या नागरी कायद्याने पत्नीला पतीच्या घराण्यात आणि त्याच्या आडनावाखाली आणले. मोठ्या व्यवहारांसाठी तिला पतीची संमती लागू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर समानता आली, पण पती-पत्नीचे आडनाव एकच असावे ही अट राहिली. कायदा कोणाचेही आडनाव चालेल असे म्हणतो. प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बायकोच नाव बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये ही तरतूद घटनात्मक ठरवली.

या वादात मासाको आणि तोमिकोची नावे हमखास निघतात. एकीचा पती मिनामोतो, दुसरीचा आशिकागा, तरी इतिहास त्यांना होजो आणि हिनो म्हणूनच ओळखतो. एकच आडनाव ही सनातन जपानी परंपरा असल्याचा दावा त्यामुळे टिकत नाही. अर्थात तेव्हा माहेरचे नाव राहणे म्हणजे स्त्रीस्वातंत्र्य नव्हते. ती पित्याच्या कुळाची मानली जाई, एवढेच.

ताकाइची यांनी पहिल्या विवाहात कायद्याप्रमाणे पतीचे आडनाव घेतले, पण राजकारणात माहेरचेच नाव ठेवले. तरी वेगळ्या आडनावांना कायदेशीर मान्यता देण्यास त्यांचा विरोध आहे. लग्नाआधीच्या नावाचा वापर सोपा करावा, इतपतच त्यांची तयारी आहे. त्यांना निवडणाऱ्या कनिष्ठ सभागृहात ४६५ पैकी ७३ स्त्रिया २०२४ मध्ये निवडून आल्या होत्या आणि तो तोवरचा उच्चांक होता. त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याखेरीज दोनच स्त्रिया होत्या.

शोगुनच्या विधवांचा इतिहास इथे उपयोगी पडतो. वर एक कर्तबगार स्त्री बसली म्हणजे खालच्या स्त्रियांचे हक्क वाढतात, असे त्यात कुठेच दिसत नाही. क्रम उलटा आहे. तेराव्या शतकात साध्या योद्ध्याच्या विधवेला घरात आणि जमिनीत अधिकार होता, म्हणून मासाको उभी राहू शकली. तो अधिकार गेल्यावर तेनशोइनला पत्रावर भागवावे लागले. जपानमध्ये दुसरी, तिसरी महिला पंतप्रधान होईल की नाही, हे ताकाइची यांच्या कारकिर्दीपेक्षा कायद्याच्या पुस्तकावर अधिक ठरेल. तिथे नाव, वारसा आणि उमेदवारी या बाबतीत साध्या स्त्रीसाठी काय लिहिले आहे, ते बघावे.